बाजाराच्या गावाला सरकारी हात

कर्नाटकच्या औराद तालुक्यातील संतपूरसारख्या गावात छोट्या दुकानदाराचा उत्कर्षापकर्ष त्याच्या तिजोरीइतकाच त्याच्या दारावरून जाणाऱ्या बसवर, पतपेढीच्या वेळेवर मिळणाऱ्या कर्जावर आणि कचेरीतील एखाद्या कारकुनाच्या मर्जीवर अवलंबून असतो, हे राजधानीत बसून योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. २०२० साली केंद्राने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना काढली आणि आरंभी तारणाविना १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. परंतु ती मूलतः शहरांसाठी असल्यामुळे, खेड्याच्या आठवडी बाजारात चादर अंथरून बसणारी भाजीवाली मदतीच्या कक्षेबाहेरच राहिली. तिची गरज काय शहरातल्या बहिणीपेक्षा कमी होती?

या भागाचे मागासलेपण सरकारला ठाऊक नव्हते असे नाही: प्रादेशिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या नंजुंडप्पा समितीने २००२ साली राज्यातील अतिमागास ठरविलेल्या ३९ तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात, म्हणजे औराद ज्यात येतो त्याच विभागात, निघाले. पुढे या भागासाठी राज्यघटनेत ३७१ (जे) हे कलम आले, स्वतंत्र विकास मंडळ आले, निधीही आला. मात्र त्या निधीतून रस्ते आणि इमारती जितक्या सहज उभ्या राहतात, तितके सहज एखाद्या दुकानाचे खेळते भांडवल उभे राहत नाही, कारण उद्घाटनाचा फलक इमारतीवर लागतो, वहीखात्यावर नाही.

भांडवलाप्रमाणेच बसचाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये राज्यात सुरू झालेल्या शक्ती योजनेने स्त्रियांचा बसप्रवास मोफत केला, हे निःसंशय स्तुत्य आहे. पण खेड्यांकडे येणाऱ्या फेऱ्याच अपुऱ्या असतील, तर फुकट तिकिटाचा उपयोग काय? बाजारच्या दिवशी जादा गाड्या सोडाव्यात, आणि कर्जाचे अर्ज सीमाभागात कन्नडबरोबर मराठीतही द्यावेत.