गाडी विकत आणा, पण तारा मुलांना जोडू द्या



विज्ञान प्रदर्शनात टेबलावर झकास मॉडेल असतं आणि शेजारी मूल पाठ केलेली माहिती धडाधडा सांगत असतं. "ही तार इथेच का जोडलीस?" असं विचारलं, की ते मागे उभ्या असलेल्या बाबांकडे बघतं. मॉडेल कुणी केलं हे तिथेच कळतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: छोटी रेल्वे करायची असेल तर डोंगर, बोगदा, स्टेशन मोठ्यांनी केलं तरी चालेल, वीजजोडणी मात्र मुलांनीच करावी.

ही जोडणी वाटते तेवढी अवघड नाही. एच.ओ. मापाची गाडी खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान असते आणि तिच्या दोन रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असतं. साध्या पद्धतीत एक रूळ म्हणजे धन टोक, दुसरा म्हणजे ऋण टोक. धातूच्या चाकांतून वीज इंजिनाच्या मोटरपर्यंत जाते. कंट्रोलर रुळांना ० ते १२ व्होल्ट डीसी देतो. व्होल्ट वाढले की वेग वाढतो, टोकं उलटी केली की गाडी मागे धावते. चौथी-पाचवीच्या मुलाला हे हाताने करून पाहता येतं. आता डिजिटल कंट्रोलरही मिळतात, त्यात एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात. पण सुरुवात साध्या डीसीनेच करावी, कारण त्यात काय केल्यामुळे काय झालं हे लगेच दिसतं.

खरा धडा अडचण आल्यावर सुरू होतो. स्टेशनचे दिवे रुळांनाच जोडले तर गाडी थांबली की दिवेही विझतात. का? मुलाला विचार करू द्या. दिव्यांना वेगळा वीजपुरवठा हवा, हे त्यालाच सुचेल. कंट्रोलरपासून लांब गेल्यावर गाडी मंदावते, कारण रुळांच्या प्रत्येक सांध्यावर विजेला थोडा अडथळा होतो. उपाय सोपा आहे: फळीखालून दोन जाड तारा फिरवायच्या आणि त्यांतून जागोजागी बारीक तारा रुळांना जोडायच्या. समांतर जोडणी पुस्तकात वाचण्याआधी अशी हाताखालून गेली, तर ती विसरली जात नाही.

रूळ वळसा घेऊन परत स्वतःलाच मिळतात, ती जागा तर फारच मजेची. आधी कागदावर डावा रूळ लाल आणि उजवा निळा रंगवायला सांगा. साध्या गोल मार्गावर लाल आणि निळा कधीच भेटत नाहीत. वळशात मात्र लाल रूळ निळ्याला येऊन भिडतो, म्हणजे शॉर्ट सर्किट! ही चूक खडूने कागदावरच सापडते.

सुरक्षेत मात्र तडजोड नको. भिंतीतले २३० व्होल्ट हे मुलांचं काम नव्हे. बीआयएस नोंदणी असलेला बंद अडॅप्टर घ्यावा, प्लग मोठ्यांनीच लावावा, मुलांचे हात फक्त १२ व्होल्टच्या बाजूला असावेत. एका छोट्या इंजिनाला साधारण अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही कमी वीज लागते, त्यामुळे शॉर्ट झाल्यावर आपोआप बंद होणारा एक अँपिअरचा अडॅप्टर पुरतो. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय फुकट मिळतो म्हणून जोडू नका. तो कितीतरी जास्त अँपिअर देऊ शकतो आणि शॉर्ट झाल्यास बारीक तार तापून वितळू शकते.

"आमच्या शाळेला एवढं महाग कसं परवडणार?" हा प्रश्न रास्त आहे. खेळण्यातली मोटर, दोन पेन्सिल सेल आणि दोन तारा एवढ्यावरही सुरुवात होते. तारांची अदलाबदल केली की मोटर उलटी फिरते. कंट्रोलरचं अर्धं गुपित तिथेच उलगडतं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. मुलांना तिथे जरूर न्या. सगळे गाड्या बघतील; तुम्ही मुलांना कंट्रोल पॅनलही दाखवा आणि विचारा, "कोणतं बटण काय करत असेल?" उत्तर चुकलं तरी लगेच दुरुस्त करू नका. थोडं थांबा, मूल स्वतःच शोधेल.