तुला पोहता येत नाही?

मागच्या मे महिन्यात आम्ही पाच संशोधक विद्यार्थी दिल्लीहून गढमुक्तेश्वरला गेलो होतो. हे हापुड जिल्ह्यातलं बाजाराचं गाव, दिल्लीपासून साधारण शंभर किलोमीटर, पण राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतं. गावाजवळ ब्रजघाट आणि गंगा. ब्रजघाट ते नरोरा हा नदीचा पट्टा २००५ पासून रामसर यादीत आहे, इथं गंगेतले डॉल्फिनही आहेत. दिल्लीतली यमुना पाय बुडवण्याजोगी उरलेली नाही, म्हणून मोकळ्या नदीत पोहण्याची हौस असणारे इथवर येतात.

नावेनं पलीकडच्या वाळूवर उतरलो. चौघं पाण्यात शिरले. मी गुडघाभर पाण्यात थांबलो. एकानं सहज विचारलं, "गावाकडचा ना तू? तुला पोहता येत नाही?"

मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही.

माझं गाव परभणी जिल्ह्यात, गोदाकाठी. आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात. म्हणजे मी गंगेकाठचाच. पण गावात पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत. उन्हाळ्यात काका-मामा पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधतात आणि ढकलून देतात. त्यासाठी विहीर लागते, विहिरीसाठी शेत लागतं. आमच्या वस्तीकडे दोन्ही नव्हतं. नदीवर आमचा पाणवठा खालच्या अंगाला. तिथं वाळू उपशानं खड्डे पडलेले, कुठं पाय जाईल सांगता येत नसे. वडील पाण्याकडे फिरकू देत नसत. त्यांना पाण्याची भीती होतीच, पण पाण्याच्या मालकांची त्याहून जास्त होती. आई-बहिणींच्या वाट्याला पाणी आलं ते फक्त डोक्यावरून वाहायला.

ही भीती अनाठायी नव्हती. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या वाकडी गावात विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातल्या दोन अल्पवयीन मुलांना नग्न करून मारहाण झाली, तिचा व्हिडिओही फिरला. विहिरीचा मालक भटक्या जमातीतला होता. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. वरचा खालच्याला दाबतो, आणि तो खालचाही आपल्याखाली कुणीतरी शोधतो.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब प्यायले. पुढं संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी आणि तलावांसोबत स्नानघाटांचाही उल्लेख आला. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही नदी, ओढा, विहीर, तळं आणि स्नानघाट वापरण्यापासून अडवणं हा स्पष्ट गुन्हा ठरला.

आणि खरं सांगायचं तर ब्रजघाटला मला कुणी जात विचारली नाही, कुणी अडवलंही नाही. तरी मी गुडघाभर पाण्यापुढं गेलो नाही. बंदी कागदावरून उठली, पण दोन-तीन पिढ्यांनी पोरांना पाण्यापासून दूर ठेवलं त्याचा परिणाम माझ्या पायांत होता.

हे फक्त आपल्याकडंच घडलं असंही नाही. २७ जुलै १९१९ ला शिकागोत मिशिगन सरोवरात पोहणारा सतरा वर्षांचा यूजीन विल्यम्स गोऱ्यांच्या मानलेल्या पाण्याकडं वाहत गेला. किनाऱ्यावरून त्याच्यावर दगड मारले गेले आणि तो बुडाला. त्यानंतरच्या दंगलीत ३८ माणसं मेली. पुढं कित्येक दशकं तिथल्या कृष्णवर्णीयांना सार्वजनिक तरणतलावांपासून दूर ठेवलं गेलं. आजही बुडून मरणाऱ्या मुलांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे.

त्या दिवशी आम्हाला नेणारा नावाडी मल्लाह समाजातला होता. आमच्यातल्या कुणापेक्षाही तो चांगला पोहतो. कुणी बुडालं की प्रेत काढायला त्याच्यासारख्यांनाच बोलावतात. माझ्या मित्रांचं पोहणं छंद ठरतं, त्याचं पोहणं जातीचं काम ठरतं, आणि वाकडीच्या मुलांचं पोहणं गुन्हा ठरवलं गेलं. पाणी तेच असतं. पाण्यात कोण उतरलंय यावर त्याचं नाव बदलतं.

दिल्लीला परतल्यावर मी तरणतलावावर नाव घातलं. वय अठ्ठावीस. उथळ बाजूला आठ-नऊ वर्षांच्या मुलांसोबत कठडा धरून पाय मारतो. वडिलांना फोनवर सांगितलं, तर पाणी किती खोल आहे हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, "तिथं कुणी काही म्हणत नाही ना?"

आपल्या घरात पहिल्यांदा पदवी घेणाऱ्यांना इंग्रजी येत नाही, काटा-चमचा धरता येत नाही, पोहता येत नाही, याची लाज वाटायला लावली जाते. ही उणीव आपली नाही. पण तिथंच थांबायचं कारणही नाही. मात्र ईर्ष्येला पेटून थेट नदीत उडी मारू नका, वाहतं पाणी कुणाला सोडत नाही. आधी तलावात शिका. आणि वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी आपण जसे भांडतो, तसं समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या मुलामुलींना पोहायला शिकवा, हेही मागा. महाडला हक्क पाण्यावर मागितला होता. त्या पाण्यात निर्धास्त उतरता येणं हाही त्याच हक्काचा भाग आहे.

जय भीम.