फळबागांच्या मदतीचा मुहूर्त

मोसंबीच्या झाडाला फळ धरण्यास पांच-सहा वर्षें लागतात. तें मरण्यास एक उन्हाळा पुरतो. ज्वारी गेली तर पुढच्या सालीं पुन्हां पेरतां येते. बाग गेली म्हणजे कुणब्याच्या उमेदीचीं वर्षें गेलीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना व तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांतल्या बागाइतदारांनीं हें सोसलें. पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या झाडांवर त्यांना स्वतःच्या हातानें कुऱ्हाड चालवावी लागली.

मदत येत नाहीं असें नाहीं. पण तिचा मुहूर्त कोण काढतो कोण जाणे ! आधीं पाहणी, मग पंचनामे, मग अहवाल. तोंवर बागेंत जळण उरतें. पावसासाठीं होम करणाऱ्याला दक्षिणा मिळते, मग पाऊस पडो वा न पडो. शेतकऱ्याला मात्र आपलें मरण आधीं सिद्ध करून द्यावें लागतें.

टँकरचा हिशेबही पाहा. सहा-सहा मीटरांवर लावलीं तर हेक्टरांत २७७ झाडें बसतात. भर उन्हाळ्यांत झाडाला रोज १०० लिटर धरले तर २७,७०० लिटर झाले. म्हणजे दहा हजारी टँकरच्या जवळजवळ तीन खेपा, आणि त्याही रोज. या धंद्यांत कोण तरतो तें सांगावयास नको.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, खरी मदत ऑक्टोबरांत झाली पाहिजे. हस्त सरला कीं विहिरींत किती पाणी आहे तें दिसतें. त्याच वेळीं गांवानें चावडीवर बसून माणसांचें, गुरांचें पाणी आधीं बाजूस काढावें आणि उरलेल्यांत किती झाडें जगतील तें ठरवावें. आंबे बहारासाठीं झाडाला ताण देतात तो साधारण डिसेंबरांत. पाणी पुरणार नाहीं हें त्यापूर्वीं कळलें तर बहार धरूं नये, आलेलीं फळें उतरवून टाकावीं; फळाचा भार नसलेलें झाड थोड्या पाण्यावर तगतें. हें शेतकऱ्याला कळत नाहीं असें शहाण्यांना वाटतें. त्याला चांगलें कळतें. पण बँकेचा हप्ता आणि व्यापाऱ्याची उचल त्याच फळावर असते, मग तो बहार सोडणार कसा ? फळपीक विमा हवामानकेंद्राच्या आंकड्यांवर हंगामाच्या फळाचा पैसा देतो. वाळलेल्या झाडाची किंमत त्यांत नाहीं. तेव्हां ज्या सालीं गांव बहार सोडील, त्या सालीं कर्जाचा हप्ता पुढें ढकलावा आणि झाड जगविण्यापुरती रोख रक्कम डिसेंबरांतच हातांत पडावी. नवी बाग उभी करण्यापेक्षां हें स्वस्त आहे.

बाकी उपाय जुनेच आहेत: आळ्यांत काडीकचऱ्याचें जाड आच्छादन, ठिबक, हलकी छाटणी. लहान रोपाच्या बुडाशीं कुंभाराचें मडकें पुरून भरीत गेलें तर पाणी मुळांशींच झिरपतें, आणि दोन पैसे गांवच्या कुंभाराच्या घरीं जातात.

शेततळ्याविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. ३० मीटर लांब-रुंद आणि ३ मीटर खोल उतरत्या कडांच्या तळ्यांत सुमारें २२ लाख लिटर मावतें. वरच्या हिशेबानें तें हेक्टरभर बागेला ७९ दिवस जाईल. पण उन्हाळ्यांत रोज एक सेंटिमीटर पाणी उडालें तरी भरल्या तळ्यांतून ९,००० लिटर आकाशांत जातें. पावसाचें वाहतें पाणी अडवून तळें भरलें तर आनंद आहे. परंतु ज्याच्यापाशीं पैसा आहे तो खोल बोअर मारतो, प्लास्टिकच्या कागदावर भूगर्भांतलें पाणी उपसून ठेवतो, आणि शेजारच्या दोन एकरवाल्याची विहीर दिवाळीलाच तळ गांठते. पुन्हां अनुदान त्या तळ्याला ! विहीर आटलेल्याला काय, तर टँकरच्या रांगेंत जागा.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. पाणाड्यांकडून झरे शोधून ते गांवच्या नकाशावर दाखवावे, असें त्यांनीं त्यांत सरकारास सुचविलें होतें. त्याच नकाशावर आज बोअर आणि तळींही मांडा. येत्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत एक कागद मागा: कोणाच्या तळ्यांत किती पाणी आहे, आणि तें कोठून आलें.