प्रार्थना घरात आणि अन्याय दारात

मोताळा तालुक्यातल्या एका गावात काही वर्षांपूर्वी एका बौद्ध शेतमजुराला भर रस्त्यात मारहाण झाली. सोयाबीन सोंगणीचा हंगाम होता. राहिलेली मजुरी मागितली, एवढाच त्याचा गुन्हा. जातीवाचक शिव्या दिल्या गेल्या, पायातली वहाण तोंडावर मारली गेली. बसथांब्यावर पंधरा-वीस माणसे उभी होती. ॲट्रॉसिटी ॲक्टखाली गुन्हा दाखल झाला, आणि मग नेहमीचेच सुरू झाले. पंधरा-वीस माणसांपैकी एकालाही काही दिसले नव्हते.

त्या थांब्यावर एक वयोवृद्ध ख्रिस्ती गृहस्थ होते. दवाखान्यात कंपाउंडर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, सज्जन, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या आजोबांनी छप्पन्नच्या दुष्काळात बाप्तिस्मा घेतला. त्याआधी ते घर आमच्याच वस्तीतले, हे गावाला माहीत आहे आणि त्यांनाही. फिर्यादीच्या बाजूने सरकारी वकिलांना साहाय्य करायचे म्हणून मी कागदपत्रे पाहत होतो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. मग म्हणाले, "वकीलसाहेब, मले सारं दिसलं. तुमच्यापासून काय लपवू? पण कोर्टात नका नेऊ. आमचं काम प्रार्थना करायचं. त्या पोरासाठी रोज करतो."

ते खरेच रोज प्रार्थना करीत असणार, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु खटल्यात दोन साक्षीदार फितूर झाले, तिसरा आलाच नाही आणि आरोपी निर्दोष सुटले. तो मजूर गाव सोडून सुरतेला गेला.

हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण आज ख्रिस्ती समाज स्वतःच भीतीखाली आहे. कोठे प्रार्थनासभेत घुसून मारहाण होते, कोठे पास्टरवर धर्मांतराचा गुन्हा दाखल होतो. २२ जानेवारी १९९९ रोजी ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या फिलिप व टिमोथी या दोन मुलांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. कुष्ठरोग्यांची सेवा करणारा माणूस होता तो. अशा समाजाकडे बोट दाखवणे आंबेडकरी कार्यकर्त्याला शोभते काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, परक्याला आपण जाब विचारत नाही. हा प्रश्न आपल्याच रक्ताच्या माणसांना आहे.

आणि तो माझा नाही, बाबासाहेबांचा आहे. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणाविषयी आणि धर्मांतरिताच्या स्थितीविषयी दोन लेख आहेत. आपल्या कार्यकर्त्यांनी ते मुळातून वाचावेत. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, हे बाबासाहेब मोकळेपणाने मान्य करतात. मग ते विचारतात की, ज्यांच्यातून हा समाज मुख्यतः निर्माण झाला त्या अस्पृश्यांवर अन्याय होत असताना भारतीय ख्रिस्ती बोलत का नाही? शिकलेला आहे, संघटित आहे, तरीही सामाजिक अन्यायाविरुद्ध चळवळीत दिसत का नाही? त्यांचे निदान मोठे मार्मिक आहे. तुझ्या दुःखाचे कारण तुझे पाप आहे असे शिकवले, की माणूस पश्चात्ताप करतो. दुःखाचे कारण ही समाजव्यवस्था आहे असे शिकवले, की तो उठून उभा राहतो. अस्पृश्याला दुसऱ्या शिकवणुकीची गरज होती आणि मिळाली पहिली. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजासमोरच भाषण करताना त्यांनी येशूविषयी आदर व्यक्त केला, आणि त्याच सभेत हा समाज आपल्या हक्कांसाठी झगडत नाही हेही सुनावले. तोंडावर सांगण्याची ती रीत आपण विसरत चाललो आहोत.

मिशनऱ्यांचे ऋण नाकारण्याइतके आपण कृतघ्न नाही. जोतिराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि १८४८ साली भिडे वाड्यात शाळा सुरू झाली. आमच्या वऱ्हाडातही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतून मिशनरी आले, अकोला-खामगाव भागात राहिले, दुष्काळात टाकून दिलेली पोरे त्यांनी वाढवली. ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्या जखमा गोऱ्या हातांनी धुतल्या, ही लहान गोष्ट नव्हे.

पण जखम धुणे वेगळे आणि जखम करणाऱ्याचा हात धरणे वेगळे. येशूची शोमरोनी माणसाची गोष्ट ख्रिस्ती घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. वाटेत लुटलेला, अर्धमेला माणूस पडलेला आहे. याजक येतो, बघतो, पलीकडून निघून जातो. लेवी येतो, तोही जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याला त्या काळचे लोक हलका समजत. मी वकील आहे, त्यामुळे मला त्या गोष्टीत पुढचा प्रश्न पडतो. लुटारू सापडले असते आणि खटला उभा राहिला असता, तर त्या शोमरोन्याने साक्ष दिली असती की नाही? माझ्या मते दिली असती. दोन नाणी मोजून जो दुसऱ्याच्या औषधपाण्याची सोय करतो, तो तारखेला गैरहजर राहणार नाही.

'साक्ष' हा शब्द तर ख्रिस्ती बांधवांच्या रोजच्या वापरातला. चर्चमध्ये उभे राहून लोक साक्ष देतात, देवाने माझ्या आयुष्यात काय केले ते सांगतात. दहा आज्ञांमध्ये खोट्या साक्षीला मनाई आहे. मग डोळ्यांनी पाहिलेली खरी साक्ष विशेष न्यायालयाच्या पिंजऱ्यात का देता येत नाही? चर्चमधल्या साक्षीने शेजारी नाराज होत नाही आणि कोर्टातल्या साक्षीने पाटील नाराज होतो, एवढाच फरक आहे काय?

कोणी म्हणेल, ख्रिस्ती धर्म क्षमा शिकवतो. शिकवतो, आणि ते मोठेपण आहे. ग्लॅडिस स्टेन्स यांनी आपल्या पतीच्या आणि मुलांच्या मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर सांगितले. ऐकणाऱ्याची मान खाली जाते. तरीही खटला चालला, मुख्य आरोपी दारासिंग याला शिक्षा झाली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम केली. ज्याच्यावर वार झाला त्याने क्षमा करावी, तो त्याचा अधिकार. बसथांब्यावर उभे राहून दुसऱ्याच्या वतीने क्षमा करून मोकळे होण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला?

सगळा ख्रिस्ती समाज असा आहे, असे मी म्हटले तर ते असत्य होईल. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. जमीन, झाडे आणि पाणी बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या घशात जात होते, गुंडगिरी माजली होती, तेव्हा हा धर्मगुरू 'हरित वसई'च्या चळवळीत रस्त्यावर उतरला. 'सुवार्ता' मासिक त्यांनी अनेक वर्षे चालवले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा केवळ धर्मगुरू आहेत म्हणून त्यांना विरोध झाला. तरी गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

आणि फादर स्टॅन स्वामी! झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगात सडणाऱ्या तरुणांसाठी झटणारा हा जेसुइट म्हातारा. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना रांचीहून उचलले. मी भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही, असे ते सांगत राहिले. कंपवाताने हात थरथरत, पेला धरता येत नव्हता, म्हणून तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी नळीच्या पेल्याची मागणी न्यायालयात करावी लागली. जामिनाची वाट पाहत ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, वयाच्या ८४ व्या वर्षी ते मेले. एकही आरोप सिद्ध झालेला नव्हता. ज्या विजयस्तंभाला आपण दर १ जानेवारीला मानवंदना देतो, त्या गावाच्या नावाच्या खटल्यात एक ख्रिस्ती पाद्री कोठडीत संपला. आपल्या किती विहारांत त्यांच्यासाठी दोन मिनिटे उभे राहिले गेले? मी माझ्या गावापुरते सांगतो, आम्ही राहिलो नाही. मला नंतर लाज वाटली.

जगाचा इतिहास असाच दुतोंडी आहे. इंग्लंडमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७८७ साली समिती स्थापन झाली, तिच्या बारा सदस्यांपैकी नऊ जण क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते. १८०७ साली व्यापार बंद झाला, १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा झाला. (त्या कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई दिली ती मालकांना, गुलामांना छदाम नाही. कायदा करणारे कोण असतात ते यावरून कळते.) त्याच काळात अमेरिकेतले मळेवाले बायबल हातात घेऊन गुलामगिरीचे समर्थन करीत होते. ज्या अमेरिकन लोकांनी गुलामगिरी मोडली त्यांना जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. अर्पण चर्चला केला नाही, लढणाऱ्या माणसांना केला. आणि १९६३ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिले ते अत्याचारी पोलिसांना उद्देशून नव्हते. जरा थांबा, घाई करू नका, असा सल्ला देणाऱ्या गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर होते.

आता चर्चच्या आतले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, त्यात चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे कबूल केले. दक्षिणेत दलित ख्रिस्त्यांसाठी वेगळी दफनभूमी असल्याची उदाहरणे आहेत. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडले. घरातली जात मोडायला ज्याला इतका वेळ लागतो, तो गावातली जात मोडायला कधी येणार?

आणि तरीही, वाचकहो, येथे आपल्यालाही उत्तर द्यावे लागेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये आपल्याला तो मिळाला. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राच्या दारात आपण उभे होतो, ते दिवस आपल्या वडिलांनी भोगले आहेत. दलित ख्रिस्त्यांना तो दर्जा द्यावा अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात केली. आपल्यातले काही लोक म्हणतात, वाटेकरी नको. नोकऱ्यांतील वाट्याचा प्रश्न गंभीर आहे, त्यावर आकडे घेऊन बसून बोलावे. पण ॲट्रॉसिटीच्या संरक्षणाला वाटा कसला? २०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरने दाखल केलेला ॲट्रॉसिटीचा गुन्हा, तो ख्रिस्ती झाला म्हणून अनुसूचित जातीचा राहिला नाही, या कारणाने रद्द केला. मारणारा जात विचारून मारतो आणि कायदा धर्म विचारून संरक्षण देतो. त्या कंपाउंडर काकांच्या नातवाला उद्या त्याच थांब्यावर तीच शिवी ऐकावी लागली, तर मी कोणते कलम लावू?

शिवाय धर्मांतराच्या कायद्यांचा फास केवळ ख्रिस्त्यांच्या गळ्याभोवती आहे, या भ्रमात राहू नका. प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या प्रकरणात म्हटले. त्या निकालाने मध्य प्रदेश आणि ओरिसाचे कायदे टिकले. आणि एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढले की, बौद्ध धम्म स्वीकारतानाही जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात असा नियम असता तर लाखोंच्या अर्जांचे काय झाले असते, याची कल्पना करा. ख्रिस्त्यांवर गुन्हा दाखल होतो तेव्हा गप्प बसलो, तर आपल्या दीक्षासमारंभाच्या दिवशी आपल्या बाजूने बोलायला कोण उरेल?

ते काका मागच्या हिवाळ्यात मला मोताळ्याच्या बाजारात भेटले. थकले आहेत. स्वतःहून विषय काढला. त्या पोराचे काय झाले म्हणून विचारले. सुरतेला आहे, लूमवर काम करतो, असे मी सांगितले. बराच वेळ पिशवी या हातातून त्या हातात करीत उभे राहिले. मग म्हणाले, "तवा भीती वाटली, साहेब. प्रार्थनेचं निमित्त होतं." माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्याच वस्तीतला जो साक्षीदार फितूर झाला, तो दर पौर्णिमेला विहारात पहिल्या रांगेत बसतो. त्याने एवढे कबूल केलेले मी अजून ऐकलेले नाही.

भीती खरी असते, हे मी रोज पाहतो. म्हणून एक कामाची गोष्ट. ॲट्रॉसिटी ॲक्टमध्ये २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. साक्षीदाराला संरक्षण मागता येते, तपासाच्या आणि सुनावणीच्या काळातला प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च मिळतो, धमकी आली तर विशेष न्यायालयात तक्रार करता येते. बहुतेकांना हे ठाऊक नसते, आणि पोलीस आपणहून सांगत नाहीत. अर्जाचा नमुना मी मराठीत करून ठेवला आहे. येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्यातील चर्चच्या पास्टरांना आणि विहारांच्या कार्यकर्त्यांना मी माझ्या ऑफिसात एकत्र बोलावले आहे. दोघांनी निरोप दिला आहे की येतो. चहा माझ्याकडे.