शुद्ध भाषेच्या पोटातला अ‍ॅरे

‘शुद्ध’ हा शब्द ऐकला की मी सावध होतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शुद्ध भाषेचे आग्रही दोन्हीकडे भेटतात. हिशेब, वजन, दुकान हे शब्द वगळून मराठीत बाजारहाट करून दाखवा म्हटलं की ते गप्प होतात.

हॅस्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेलाही शुद्ध म्हणतात. (माझा विषय भाषा, ही मी आवडीने, रात्री बसून शिकलो.) तिथे अर्थ नेमका आहे: फंक्शनला तेच दिलं की तेच उत्तर येणार, आणि एकदा ठरलेली किंमत नंतर बदलणार नाही. शिकणाऱ्याच्या हाती आधी यादी, म्हणजे लिस्ट, दिली जाते. दिसायला सुंदर, पण खर्चिक. जीएचसी या कंपायलरवर, 64 बिटच्या मशीनवर, पूर्ण यादी मेमरीत धरली तर एक पूर्णांक साधारण 40 बाइट खातो: 24 कडीचे, 16 आकड्याच्या पेटीचे. दहा लाख आकड्यांना 4 कोटी बाइट! अनबॉक्स्ड अ‍ॅरेत ना कडी ना पेटी. आकडे खेटून बसतात, प्रत्येकी 8 बाइट, 80 लाखांत काम भागतं.

अडचण भरताना येते. 0 ते 100 पैकी कोणते गुण किती मुलांना मिळाले, हे मोजायचं आहे. 101 खाने, आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेमागे एका खान्यात एकची भर. किंमत बदलायचीच नाही म्हटलं, तर साध्या पद्धतीत दरवेळी अख्ख्या अ‍ॅरेची नवी नक्कल होते. यावर लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी 1994 मध्ये तोड मांडली: ‘एसटी’. आत हवं तितकं खोडा, पुन्हा लिहा; बाहेर येईल तो फक्त पूर्ण झालेला, न बदलणारा अ‍ॅरे. बदलता अ‍ॅरे बाहेर न्यायला गेलात, तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. ही शुद्धता मला पटते. ती आत कोण आहे हे विचारत नाही, बाहेर काय येतं ते पाहते.

म्हणूनच हा भाग ‘प्रगत’ म्हणून शेवटच्या प्रकरणात ढकलणं मला मान्य नाही. जुन्या, कमी मेमरीच्या लॅपटॉपवर शिकणारं पोर तिथवर पोहोचतच नाही. मोठी फाइल यादीत भरतं, मशीन गुदमरतं, आणि ही भाषा आपल्यासाठी नाही असं ठरवून ते निघून जातं. दुसऱ्या महिन्यात अ‍ॅरे शिकवा ना!

वेगाच्या शौकिनांशी मात्र माझं जमत नाही. खाना अस्तित्वात आहे का, ही तपासणी वगळणारी फंक्शनं आहेत. नावातच ‘अनसेफ’ लिहिलंय. 101 खान्यांत 150 वा मागितला, तर शेजारच्या मेमरीतलं काहीही हाती येऊ शकतं, तेही बिनतक्रार. लिहायला गेलात तर दुसऱ्याचाच आकडा पुसला जाईल. माझ्या छोट्या प्रोग्रॅमांत यादीच्या जागी अ‍ॅरे घेतल्यावर त्या फंक्शनांची गरज अजून पडलेली नाही.