दहावा नंबर

संध्याकाळी रायपूरच्या बूढा तलावाला चक्कर मारायला निघालो की भाचा सोबत असतो आणि त्याच्या खिशात एखादी यादी असते. अमका पहिला, तमका सातवा. गेल्या आठवड्यात भारतातल्या क्लबांकडून खेळलेल्या परदेशी फुटबॉलपटूंची लोकप्रियतेनुसार यादी निघाली. वाचून झाली तेव्हा मी विचारलं, "अराता इझुमी कुठे आहे?"

"कौन?" आम्हा बुढापाऱ्यातल्या मराठी घरांतली मुलं आश्चर्य वाटलं की हटकून हिंदीत शिरतात.

मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा बालेवाडीत पुणे एफसीचे सामने पाहायला जात असे. गर्दी बेताचीच. मधल्या फळीत हा जपानी मुलगा सतत पळताना दिसायचा. जन्म शिमोनोसेकीचा, आई जपानी, वडील गुजराती. 2006 ला ईस्ट बंगालकडे आला, मग मुंबईचं महिंद्रा युनायटेड, मग पुणे. इथवर त्याची कथा इतर पाहुण्या खेळाडूंसारखीच.

पुढे मात्र त्याने भारताकडून खेळायचं ठरवलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे जपानी पासपोर्ट सोडावा लागला. नवं नाव मिळालं नीलकंठ खंभोळजा. 1998 पासून प्रत्येक विश्वचषक खेळणारा देश सोडून हा माणूस फिफाच्या क्रमवारीत दीडशेच्याही खाली असलेल्या देशाचा झाला! 2013 मध्ये कोचीत पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा उतरला. आपण सामना हरलो.

"मग यादीत बसतच नाही तो," भाचा म्हणाला. "परदेशी कुठे राहिला?"

मुद्दा बिनतोड होता. मी तलावातल्या विवेकानंदांच्या पुतळ्याकडे पाहत राहिलो. लहानपणी दोनेक वर्षं ते आमच्या याच मोहल्ल्यात राहिले. पुढे 1893 ला शिकागोला जाताना वाटेत जपान पाहून आले, आणि परतल्यावर मद्रासच्या तरुणांना सांगितलं की गीतेपेक्षा फुटबॉलने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल. बाजूच्या सप्रे शाळेच्या मैदानावर मात्र पोरं क्रिकेटच खेळतात, ही गोष्ट वेगळी.

"आता काय करतो तो?"

खेळणं थांबल्यावर इझुमी प्रशिक्षक झाला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत त्याने शाळकरी मुलं घडवली, त्यातली काही इंडियन सुपर लीगच्या क्लबांपर्यंत पोचली. अशा माणसाला मतं कोण देणार? बारा-तेरा वर्षांच्या पोराला चेंडू येण्याआधी मान वळवून बघायला शिकवलं, तर टाळ्या वाजवायला गॅलरीत कोणी नसतं. पोरगं मोठं होऊन गोल मारतं तेव्हा नाव त्याचं होतं, आणि ते व्हायलाच हवं.

भाच्याने बराच विचार केला. मग दहाव्या नंबरचा ब्राझिलियन खोडला आणि तिथे लिहिलं: नीलकंठ. कंसात, भारतीय.