झॉम्बी आले आणि ऑफिस सुटलं: ‘झॉम १००’ आपल्याला का लागू होतं?

शहरभर झॉम्बी सुटलेत आणि २४ वर्षांचा अकिरा खूश आहे, कारण आता ऑफिसला जायचं नाही. हारो आसो आणि कोतारो ताकाता यांच्या ‘झॉम १००’ या जपानी मांगाची ही सुरुवात. मांगा २०१८ मध्ये आला, त्यावरचा अ‍ॅनिमे जुलै २०२३ मध्ये.

अतिकामामुळे होणाऱ्या मृत्यूसाठी जपानीत ‘कारोशी’ हा वेगळा शब्दच आहे. २०१९ पासून तिथे कायद्याने ओव्हरटाइमवर मर्यादा आली: एरवी महिन्याला ४५ तास.

महाराष्ट्रात काय चाललंय? ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कामाचे तास वाढवायला मंजुरी दिली. कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तास, तर २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानं-आस्थापनांत ९ ऐवजी १० तास. तीन महिन्यांत ओव्हरटाइम १४४ तासांपर्यंत, म्हणजे महिन्याला सरासरी ४८.

कारखान्यात ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल. पण चिखलीहून चाकणला आलेला, खोलीभाडं भरून घरी पैसे पाठवणारा पोरगा ‘नाही’ म्हणू शकेल का? नियमाची खरी परीक्षा तिथेच आहे. अकिरालाही झॉम्बी येईपर्यंत ‘नाही’ म्हणता आलं नव्हतं.